बातमी घेऊन चालत येणारी चाची

मेहरूनचाची गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला होता, खाली जोडलेल्या हातांची रांग... बारामतीच्या घरात मी एकटीच होते. कुणाला सांगावं, तेच सुचेना.

आमच्या गावात, अंथुर्ण्यात, पहिला फोन आला तो चाचीच्या नवऱ्याच्या, म्हणजे चाचांच्या किराणा दुकानात. कालव्याच्या कडेनं खांब रोवले गेले, तार ओढली गेली आणि तो काळा, जड फोन काउंटरवर येऊन बसला. चाचा पहिल्यांदा बोलले ते एवढ्या मोठ्यानं, की बाहेरची माणसं म्हणाली, "चाचा, तारंबिगर बी इंदापूरला ऐकू गेलं असतं!" चाचा लवकरच वारले. मग दुकान आणि फोन, दोन्ही चाचीनं सांभाळलं. कुणासाठी निरोप आला, की डोक्यावर पदर घेऊन ती उसाच्या बांधानं त्या घराकडं निघायची.

माझे वडील तेव्हा पुण्याला दवाखान्यात होते. एका सकाळी चाची आमच्या वस्तीवर आली. आई नुकतीच गोठ्यातून आली होती.

"वैनी, आधी भाकरी खाऊन घे."

"फोन आला व्हता का? काय म्हणत्यात?"

"सांगते. तू खा आधी."

आईनं खाल्लं. तिनं हात धुतल्यावर चाचीनं तिला जवळ ओढलं आणि सांगितलं...

आईच्या मनातून ते गेलं नाही. "तिकडं ते गेलं आन् हिनं मला जेवाया बसवलं," असं ती म्हणायची. कितीतरी वर्षं ती चाचीच्या दुकानाची पायरी चढली नाही. इतर बायकांनाही चाची लांबून दिसली तरी धस्स व्हायचं. लग्नघरात तर ती कुणाला नकोच असायची. चाचीला हे कळत होतं. मग चांगली बातमी असली, की ती बांधावरूनच ओरडून सांगायला लागली. माझ्या बहिणीला मुलगा झाला तेव्हाही तिनं लांबूनच सांगितलं आणि ती माघारी वळली. आई दारात आली.

"मेहरून, आत ये की. तितनंच काय जातीस?"

दोघी ओट्यावर चहा प्यायल्या. वडिलांचं नाव कुणीच काढलं नाही.

पुढं घरोघरी मोबाईल आले. चाचीकडं कुणाला कामच उरलं नाही.

परवा अंथुर्ण्याला जाऊन आले. फोन होता त्या जागी आता वेफर्सच्या माळा लटकतात. मागच्या खोलीत चाचीची खाट तशीच आहे. गेल्या वर्षी याच खाटेवर ती मला म्हणाली होती, "तुझी आई गेली, तवा तुला कुणी सांगितलं?"

"दवाखान्यातून फोन आला. मी एमआयडीसीत कामावर होते. मशिनीच्या आवाजात नीट ऐकूपण आलं नाही."

"जवळ कुणी व्हतं?"

"न्हाय."

चाचीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

"मी आले असते गं," ती म्हणाली.