रविवारी उघडणारी गिरणी

जर्मनीत उतरले आणि पहिलं पाहिलं ते जपान.

विमान शनिवारी सकाळी ड्युसेलडॉर्फला आलं. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून माझा मुलगा मिलिंद आणि सून प्राजक्ता यांनी मला त्याच दुपारी गावात नेलं. स्टेशनासमोरच्या रस्त्यावर निम्म्या पाट्या जपानी. जपानी कंपन्यांची ऑफिसं इथे फार वर्षांपासून आहेत. ऑफिसांमागून माणसं आली, माणसांमागून तांदूळ आले, तांदळामागून दुकानं. आपल्या लोकांचंही असंच होतं, फक्त आपली दुकानं एवढी स्वच्छ नसतात.

एका बेकरीत पाव घेतला. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण.

"हे पुरण आहे," मी म्हणाले.

"आई, याला आनपान म्हणतात," प्राजक्ता म्हणाली.

"म्हणू देत. वेलची घालायला विसरलेत."

दोन खाल्ले.

मी फलटणची. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर त्याची पिठाची गिरणी तीस वर्षं चालवली, गुडघे बोलायला लागले तेव्हा भाड्याने दिली. मिलिंद इथे गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याने मला तीन महिन्यांसाठी आणलं आणि पहिल्याच आठवड्यात जेवताना माझा हात पकडून दिव्याखाली धरला.

"आई, हे काळे ठिपके कसले? वाढलेत का?"

"होते तेवढेच आहेत."

"त्वचेच्या डॉक्टरकडे टेर्मिन घेतो." टेर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. या देशात टेर्मिनशिवाय माणसाला आजारी पडायचीही सोय नाही. ठिपक्यांचं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तो फोनवर होता. टेर्मिन मिळाली ती दोन महिन्यांनंतरची.

दुसऱ्या रविवारी ऱ्हाईन नदीच्या पलीकडे जपानी देऊळ पाहायला गेलो. मिलिंद गाडी लावायला जागा शोधत होता. इथे त्याला देव शोधण्याइतकाच वेळ लागतो. मी फाटकाशी उतरले. देऊळ म्हटल्यावर पायांत काही ठेवून आत जायचं नाही, एवढं मला कुणी शिकवायला नको. फुटपाथच्या कडेला भिंतीशी एक खोका होता, त्यात कप आणि पुस्तकं होती. त्या खोक्याशेजारी माझे काळे बूट जोडीने लावले आणि मोज्यांवर आत गेले.

देऊळ चांगलं आहे. आवाज नाही, तेलकट समई नाही, वाळूवर ओळी आखलेल्या, तळ्यात हातभर लांबीचे नारिंगी मासे. माशांना घालायला काही आणलं नव्हतं. ते बरंच झालं, कारण घालायचं नाही असं लिहिलेलं होतं म्हणे. मुख्य खोलीच्या पायरीशी जोड्यांसाठी वेगळी फळी होती. ती पाहिली आणि मी तशीच मागे फिरले.

बाहेर येऊन पाहते तर खोका रिकामा आणि बूट नाहीत.

मिलिंदने खोक्यावरची चिठ्ठी वाचली. "झू फेरशेंकन", म्हणजे फुकट न्या. इथे नको असलेलं सामान लोक असं रस्त्यावर ठेवतात आणि ज्याला हवं तो नेतो. चोरी नव्हती. मी दान केलं होतं.

"आई, बूट बाहेर रस्त्यावर कोण काढतं?"

"देवळाबाहेर काढतात. तुझी मुंजही तशीच झाली."

देवळातल्या एका जपानी बाईने माझे मोजे पाहिले, आतून कापडी सपाता आणून दिल्या आणि कमरेत वाकली. मीही वाकले. ती पुन्हा वाकली. माझ्या गुडघ्यांना तिसरी फेरी जमली नसती म्हणून मी निघाले. दुसऱ्या दिवशी प्राजक्ताने सपाता परत दिल्या आणि मिलिंदने मला जाड तळाचे नवे बूट आणले. त्यासोबत हुकूमही आणला. आता एकटीने कुठेही जायचं नाही, कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडेसुद्धा नाही.

मग तो नेईल तिथे मी गेले. कोलोनचं चर्च पाहिलं. इतकं उंच आणि इतकं काळं, की मान दुखते आणि धुणाऱ्याची दया येते. बेनराथचा गुलाबी राजवाडा पाहिला. राजाला एवढ्या खिडक्या कशाला लागत होत्या कळलं नाही. जुन्या गावात मोहरीची चटणी चाखली. नाकातून पाणी आलं. ती मला आवडली.

पण मला जायचं होतं झोन्सला. हे गाव नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, जुन्या तटबंदीचं. बेनराथच्या स्टेशनवर त्याचं चित्र लावलं होतं. तटाच्या कोपऱ्यावर दगडी बुरूज, त्यावर लाकडी छप्पर आणि चार मोठी पाती. वाऱ्यावर चालणारी पिठाची गिरणी. मी वीज आणि डिझेल यांच्यावर आयुष्य काढलं. वाऱ्यावर दळणाऱ्याचं कसं चालत होतं, ते मला पाहायचंच होतं.

"त्यात काय पाहायचंय? दगडच ना," मिलिंद म्हणाला.

"चर्चही दगडच होतं."

"बघू. पुढच्या वेळी."

माझ्या वयाच्या बाईला पुढची वेळ सांगू नये. प्राजक्ताने शोधून काढलं, की गिरणी आतून पाहायला रविवारी दुपारीच उघडतात, तेही सगळ्या रविवारी नाही. माझ्या परतीच्या आधी असा एकच रविवार उरला होता, आणि त्या रविवारी मिलिंद कामासाठी दूरच्या नेकारसुल्म गावी जाणार होता. प्राजक्तालाही ऑफिसचं काम होतं. तिने मला एका कागदावर गाड्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिली.

"आई, अहो, काही झालं तर मिलिंद मला घराबाहेर काढेल."

"काढू दे. फलटणला ये, गिरणीवर बस."

रेल्वेने बेनराथ, तिथून बस, मग अर्धा तास पायवाट. दोन्ही बाजूंना कुरणं, डोकी छाटलेली बुटकी झाडं, घंटी वाजवत जाणारे सायकलवाले. सगळे मला "हालो" म्हणत होते, मीही म्हणत होते. नदीवर गाड्या नेणारी सपाट होडी होती. पाणी इतकं जोरात जात होतं, की होडी आधी तिरकी गेली आणि मग सरळ झाली. कागदात हे लिहिलेलं नव्हतं. कठडा धरून उभी राहिले.

गिरणीच्या दारात एक उंच म्हातारा बसला होता, माझ्याच वयाचा. मी सवयीने बूट काढले. आमच्या गिरणीत चप्पल घालून कुणी आत आलं नाही. पीठ पडतं तिथे पाय स्वच्छ हवेत. पण या वेळी बूट बाहेर ठेवले नाहीत. पिशवीत घातले आणि पिशवी खांद्याला लावली. म्हाताऱ्याने माझ्या मोज्यांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि मला जिना दाखवला.

वर सगळं लाकडाचं. माझ्या उंचीचं दातेरी चाक, धान्य ओतायची पेटी आणि खाली दोन दगड. वरचा दगड बाजूला उचलून उभा ठेवला होता, लोकांना आतल्या खाचा दिसाव्यात म्हणून. मी चष्मा लावला आणि खाचांवरून बोट फिरवलं. कडेला ठीक होत्या, मध्ये सपाट झाल्या होत्या. असा दगड पीठ दळत नाही, तापवतो. मी म्हाताऱ्याकडे पाहून मान हलवली आणि हातांनी टाकी मारून दाखवली.

दगडाला टाकी लावणं म्हणजे पोलादी हातोडीने एकेक खाच पुन्हा कोरून काढणं. आमच्याकडचा टाकीवाला सणाच्या तोंडावर कधीच वेळेवर यायचा नाही, म्हणून मी स्वतः शिकले. रात्री गिरणी बंद करून बसायचं, सकाळी लोकांचे डबे रांगेत.

म्हातारा थबकला. मग त्याने कपाटातून दोन्ही टोकांना धार असलेली एक हातोडी काढली आणि माझ्या हातात दिली. वजन ओळखीचं होतं. मी ती कशी धरली ते त्याने पाहिलं. मग त्याने शर्टाची बाही वर केली आणि आपला डावा हात माझ्यासमोर धरला. बोटांपासून मनगटापर्यंत काळे-निळे ठिपके. टाकीचा घाव बसला की पोलादाचा कण उडतो, कातडीत शिरतो आणि तिथेच राहतो. मी माझा डावा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला.

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर. एवढा एक शब्द मला प्राजक्तामुळे येत होता.

त्याचे ठिपके माझ्याहून जास्त होते. हे मला मान्य करावं लागलं.

त्याने मला पात्यांचा दोर दाखवला, छप्पर वाऱ्याकडे कसं वळवतात ते दाखवलं. तो जर्मनमध्ये बोलत होता, मी मराठीत विचारत होते. दोन वेळा आमचं भांडणही झालं, बहुतेक गव्हावरून. त्यात वेळ गेला. परत होडीवर बसले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कागदावरची बस कधीच निघून गेली होती.

पलीकडच्या काठावर मिलिंद उभा होता. लवकर परतला होता आणि प्राजक्ताला खरं सांगावं लागलं होतं. होडी लागेपर्यंत तो येरझाऱ्या घालत होता.

"भाषा येत नाही, फोन उचलत नाहीस, बूट सांभाळता येत नाहीत," त्याने सुरुवात केली.

मी पिशवी उघडून बूट दाखवले. होडीपर्यंत मी मोज्यांवरच चालत आले होते, ते मलाही तेव्हाच कळलं.

"ती डॉक्टरची टेर्मिन रद्द कर," मी म्हणाले. मग तिथेच बसून बूट घालता घालता त्याला ठिपक्यांचं सांगितलं, माझ्या आणि गिरणीतल्या म्हाताऱ्याच्याही. तो वसतिगृहात राहून शिकत होता त्या वर्षांतले ते बहुतेक. तो माझ्या हाताकडे पाहत होता, दिव्याखाली पाहिला होता तसा नाही.

"दुखायचं का गं?"

"दगडाला विचार."

त्याने मला गाडीत बसवलं. घर जवळ आल्यावर त्याने विचारलं, त्या म्हाताऱ्याचे ठिपके खरंच जास्त होते का. मी म्हणाले, त्याला दगड मोठा होता.

आता मी फलटणला आहे. लोक विचारतात काय पाहिलंस, तर मी जपान सांगते, काळं चर्च सांगते, नाकात जाणारी मोहरी सांगते. माणसं चांगली आहेत, वेळेवर येतात आणि न विचारता दुसऱ्याचे बूट नेतात. नेणारीला लागले तर माझा दोष नाही. उजवा टाचेला चावायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मिलिंदने रजा घेतली. मला वाटलं, आणखी एखादा राजवाडा. त्याने गाडी सरळ होडीवर घातली. वार मंगळवार होता, गिरणी बंद होती हे त्यालाही माहीत होतं. तो पात्यांकडे बराच वेळ वर पाहत राहिला. मग दाराशी गेला आणि बंद दारासमोर वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"काढतोयस तर पिशवीत घाल," मी म्हणाले, आणि पिशवी त्याच्यासमोर उघडून धरली.