हातावरची गोळी

आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या हातावर दही ठेवायचं, ही सासूबाईंची शिस्त. परीक्षा असो नाहीतर कोर्टाची तारीख. आमच्या ह्यांच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं आणि आहाराच्या बाईंनी दही बंद केलं. आता आठवड्यातून तीनदा माणसाला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? मग मी त्यांच्या हातावर व्हिटॅमिनची गोळी ठेवू लागले. डॉक्टरांनीच दिलेली, रोज एक. ताकदीचीच ना ती!

दुसरीकडून ताकद येणार तरी कुठून, सांगा. भाजी चिरून भिजत घालायची, उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं, कारण किडनीवाल्यांना न चालणारं पोटॅशियम त्यात उतरतं. मेथीचं ते हिरवं पाणी मोरीत ओतताना माझा जीव तुटायचा. उरलेला चोथा ताटात बघून हे म्हणायचे, "म्हशीला बी याच्यापरीस बरं घालत हुतीस."

"म्हशी तुमीच इकल्या. गोठ्याच्या जागी खोल्या बांधल्या," मी म्हणायचे. कंपन्या आल्यावर आमच्या माण गावात सगळ्यांनीच बांधल्या म्हणा. आमच्या चारही खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात.

एरवी मुलगाच ह्यांना डायलिसिसला नेतो. एकदा त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी रिक्षानं सोबत गेले. मशीन लावता लावता सिस्टरनं विचारलं, "आजोबा, व्हिटॅमिनची गोळी कधी घेता?"

"निघताना," हे ऐटीत म्हणाले. "मंडळी हातावर ठेवत्यात."

सिस्टर माझ्याकडे वळली. "आजी, आजपासून डायलिसिस झाल्यावर द्या. ही व्हिटॅमिनं पाण्यात विरघळणारी असतात. मशीन रक्त धुतं, त्याबरोबर तीही निघून जातात."

"दिवाळीपासून देतीय की मी."

"डायलिसिसच्या दिवशीची बरीचशी वाया गेली असेल."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, "मग आता दोन-दोन देऊ का? नाहीतर दुकानातली भारीतली आणू?"

"नको हो आजी. एकच, आणि हीच. दुसऱ्या गोळ्यांतली काही व्हिटॅमिनं अंगात साठतात, ती किडनीवाल्यांना बाधतात."

परत येताना रिक्षात हे म्हणाले, "जाऊ दे. मशीन तरी दणकट झालं." मला हसू आलं नाही. पायऱ्या चढताना हल्ली ह्यांना दोनदा थांबावं लागतं, ते मला रोज दिसतं.

तेव्हापासून गोळी परत आल्यावर. पण सकाळी हौसेनं हात पुढे करणारा माणूस संध्याकाळी पिळून काढल्यासारखा येतो. तोंड कडू, पोटात मळमळ. प्यायचं पाणीसुद्धा मापाचं, त्यातलं गोळीपुरतं मी राखून ठेवते.

काल जवळ गेले तर भिंतीकडे तोंड फिरवलं. "अवो, एवढी घ्या."

"ठेव तितं. वाईच पडतो, मग घेतो."

"मघाशी बी हेच म्हनलात."

"घेतली की उलटून पडती गं. काय करू मी?"

मी गोळी आणि राखलेलं पाणी उशाशी ठेवलं. डोळा लागला त्यांचा. डायलिसिसनंतर एवढीच काय ती झोप मिळते त्यांना. उठवावं तर झोप मोडते, न उठवावं तर त्याही दिवशीची गोळी राहते. दोनदा खांद्यापर्यंत हात नेला आणि मागे घेतला.