लाइट गेल्यावर माझी आर्चटॉप

आज करंजाड्यात ताईचा साखरपुडा होता. चुलतभाऊ सागर आणि मी, दोघांनी आपापली स्वस्तातली आर्चटॉप, म्हणजे फुगीर पोटाची पोकळ गिटार आणली होती. त्याची चकचकीत, जाड प्लायवूडची, आवाज अ‍ॅम्पकडे नेणारे दोन पिकअप असलेली. माझ्या गिटारचं पॉलिश फिकं, पिकअप एकच, पण वरचं लाकूड पातळ, घुमणारं. (बटाटेवडे भारी होते, ते राहू दे.)

बाबा म्हणाले, "भटक्या, तू मागे बस. सागर वाजवेल."

अंगठी घालतानाच लाइट गेली. अ‍ॅम्प बंद पडला आणि सागरची गिटार दोन खुर्च्यांपलीकडे ऐकू जाईना.

"वाजव लेका," तो म्हणाला.

माझी अ‍ॅम्पशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

ताईच्या सासरचे एक मामा म्हणाले, "कोण हो हा?"

बाबा म्हणाले, "आमचाच."

गिटार घेताना तुम्ही अ‍ॅम्पची वायर काढून वाजवून बघता का?