काळी चारवरची टिकली

यमुनाबाईंनी पेटी शिकायला घेतली तेव्हा लोणी काळभोरातल्या निम्म्या बायका तोंडावर हसल्या आणि उरलेल्यांनी घरी जाऊन हसून घेतलं. जन्मभर भजनात मागच्या ओळीत बसून टाळ वाजवणारी बाई ती! खुरपं धरून धरून बोटं जाडजूड झालेली. त्यांची धाकटी जाऊ शालू म्हणजे भजनी मंडळाची मुख्य गायिका. ती म्हणालीच, "बाई, नातवंडं खेळवायच्या वयात ही काय थेरं?"

पण शनिवार पेठेतल्या भजन स्पर्धेचा नियम होता, की गाणाऱ्या बायका आणि वाजवणाऱ्याही बायकाच. मंडळाची पेटी आजवर दशरथबुवांकडं. बुवांचा सूर ठरलेला. बायकांनी ओढूनताणून तिथवर पोचायचं, गळा बसला तर ज्येष्ठमध चघळायचा. आता बुवाच चालेनात म्हटल्यावर शालूनं मान तुकवली, पण अट घातली. "तिथं फजिती झाली तर पेटी पुन्हा बुवांकडं. मग तुमी नाव काढायचं न्हाई."

संसारात स्वतःसाठी म्हणून मागितलेली यमुनाबाईंची ही पहिलीच गोष्ट. ती हातची जाईल या धास्तीनं त्यांची झोप उडाली.

शिकवायला शनिवार पेठेतून श्रीधर सर येत. शालूचा गळा बघून त्यांनी मंडळाचा सा काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर ठरवला. पट्ट्या काही यमुनाबाईंच्या लक्षात राहीनात. मग त्यांनी हिकमत केली. काळी चारवर लाल टिकली चिकटवली आणि पुढच्या सुरांवर हिरव्या. सरांनी पेटी उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हळदीकुंकू आहे का आज पेटीचं?"

"तसं न्हाई सर, सापडत न्हाईत हो."

"असू दे, असू दे. वाजवा डोळ्यांनी. कान आहेतच कानातलं घालायला."

यमुनाबाई ओशाळल्या, पण टिकल्या काढल्या नाहीत. पुढंपुढं हिरव्यांची गरज उरली नाही. लाल दिसली की बोटं आपोआप चालत. लाल मात्र हवीच.

स्पर्धेला पेटी आयोजकांनीच ठेवली होती, सगळ्या मंडळांना मिळून एक. आधीच्या बायका व्यासपीठावरून उतरत होत्या तेवढ्यात यमुनाबाईंनी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि पदराआडून काळी चारवर लाल टिकली डकवली. जीव भांड्यात पडला.

घोळ तिथंच झाला होता. त्या पेटीच्या पट्ट्या आडव्या सरकवता येत. सरकवल्या की पट्टी तीच, पण सूर निराळा. आधीच्या मंडळानं आपल्या गळ्याप्रमाणं त्या सरकवल्या आणि तशाच ठेवून बायका चहाला गेल्या. यमुनाबाईंनी असली पेटी कधी बघितलेलीच नव्हती.

त्यांनी सा दिला. टिकली जागेवर, बोट टिकलीवर, तरी कानाला खटकलं. सूर चढा होता. शालूनं तोच धरला आणि अभंग सुरू केला. ध्रुवपद निभावलं, पण तिच्या मानेची शीर टरारून फुगली. पुढं अंतरा. अंतऱ्यात आवाज कुठवर न्यावा लागतो ते यमुनाबाईंना पक्कं ठाऊक. तिथं शालूचा गळा फाटणार, भर सभेत. आणि थांबावं तर फजिती ठरलेली, पेटी गेली. मंडळातली निशा आपली बिनघोर मृदंग वाजवत होती. ध्रुवपद परत फिरून आलं.

यमुनाबाईंनी पट्ट्यांवरून हात उचलला. पेटी गप्प झाली.

सभेत चुळबुळ झाली. शालूनं वळून पाहिलं, डोळ्यांत नुसता जाळ. यमुनाबाईंनी तळहात खाली दाबून खूण केली, खाली घे, तुझ्या सुरात घे. टाळ-मृदंग चालूच होते. शालूनं दम घेतला आणि अंतरा आपल्या सुरात उचलला.

आता तो सूर पेटीवर शोधायचा. त्यांनी भाता हलकेच ओढून एक पट्टी दाबली. बेसूर! पुढच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. कानशिलं तापली. दुसरी पट्टी दाबली, तीही नाही. मग टिकलीच्या डावीकडच्या काळीवर बोट टेकलं, आणि तो सूर शालूच्या आवाजात असा मिसळला की वेगळा ऐकू येईना. सा मिळाला, मागोमाग चाचपडत पंचम मिळाला. तिथून बाकीच्या सुरांची वाट त्यांना माहीत नव्हती. तेवढे दोनच सूर त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवले. शालू मात्र मोकळी गायली.

नंबर आला नाही. परीक्षकबाईंनी शेरा दिला, "गायन उत्तम. पेटीची साथ होती, असं ऐकलं."

बायका रस्त्यावर टेम्पोची वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी यमुनाबाईंनीच तोंड उघडलं. "धाड बुवांना सांगावा. झाली न्हवं फजिती."

"बुवांनी सूर सोडला आसता व्हय माज्यासाठी?" शालू रस्त्याकडं बघतच बोलली. "इतकी वर्सं आमीच पेटीमागं पळत हुतो, बाई. आज पेटी माज्या मागं आली."

यमुनाबाईंना भर रस्त्यात रडू फुटलं. शालूनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"ती टिकली काढली का?"

"न्हाई गं. ऱ्हायलीच."

"ऱ्हाऊ द्या तिथंच," शालू म्हणाली.