वाळ्याचं पाणी

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते, अकरावी-बारावीला. या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचायचे, आणि निम्म्या अनुभवांखाली "आदल्या रात्री काय जेवला होतात?" असं लिहायचा मोह आवरायचे. आज तोच प्रश्न कुणाला मला विचारावासा वाटला तर खुशाल विचारा. त्या दिवशी मी काहीच जेवले नव्हते.

आम्ही भोपाळचे. शाहपुऱ्यात, तळ्याच्या मागच्या गल्लीत घर आहे. सरकारी दफ्तर नागपूरहून इकडे हललं तेव्हा माझे आजेसासरे त्याच्याबरोबर आले आणि येताना घरच्या रीतीभातीही घेऊन आले. त्यातली एक म्हणजे अक्षय्य तृतीयेची घागर. त्या दिवशी लोक सोनं घेतात, आमच्याकडे मात्र तो गेलेल्यांचा दिवस. ऐन उन्हाळ्यात पितरांना तहान लागते म्हणून मातीची नवी घागर भरायची, झाकणीवर आंबा ठेवायचा आणि ज्याची घागर त्याचं नाव घ्यायचं. घरात याचे नियम दोनच, पण कडक. घागर भरताना जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि ते पाणी जिवंत माणसानं प्यायचं नाही.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, दरवर्षी पाटावर बसायचे आणि माझा नवरा मिलिंद तांब्या घेऊन त्यांच्यामागे उभा राहायचा. एरवी घरात "मिलिंदा, पाणी दे" ही अण्णांची हाक दिवसभर असायची, पण पाटावर ते नुसता हात मागे करायचे आणि तो तांब्या पुढे करायचा. एक घागर आजेसासऱ्यांची, दुसरी सासूबाईंची. सासूबाईंच्या घागरीत मिलिंद वाळ्याची जुडी टाकायचा, कारण वाळ्याशिवाय त्यांना पाणी गोडच लागत नसे. मी बाजूला उभी राहून हसायचे. "रात्रीपर्यंत किती एमएल कमी होतं बघू या," असंही एकदा म्हणाले होते. तो चिडला नव्हता. त्याला माझ्यावर चिडताच यायचं नाही.

आता सांगते ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतलं. शहरात कर्फ्यू, बिट्टन मार्केट बंद, कॉलनीत सायरनखेरीज आवाज नाही. मिलिंद हॉस्पिटलमध्ये होता, तोंडावर घट्ट मास्क. बोलता येत नव्हतं, फक्त मेसेज करायचा. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मेसेज आला - "खूप तहान लागलीय. मास्क काढू देत नाहीत."

मी वॉर्डात फोन लावला. घरून पाण्याची बाटली दिली तर चालेल का, विचारलं.

"मैडम, अंदर कुछ भी देना मना है," पलीकडून उत्तर आलं. "डॉक्टर साब बोलेंगे तब पिलाएँगे."

अकरावीच्या मुलांना मी प्रेशर शिकवते आणि नवऱ्याला घोटभर पाणी देऊ शकत नव्हते. त्या फोननंतर मी ओट्याशी उभी राहून खूप रडले.

अण्णांना घागर भरायचीच होती. मी म्हटलं, यंदा राहू द्या. तर म्हणाले, "काहून राहू देऊ? त्यायनं काय पाप केलं? उन्हात बसून राहिले असतील बिचारे." घागरी घरात होत्याच. आजारी पडायच्या आधी मिलिंदनंच दोन आणून ठेवल्या होत्या, वाळ्याच्या जुडीसकट. मी त्या आदल्या दिवशी भिजवल्या आणि पुसून मांडल्या. तांब्या घेऊन अण्णांच्या मागे मी उभी राहिले.

पहिली घागर नीट झाली. दुसरी सासूबाईंची. मी वाळा टाकला. अण्णांनी डोळे मिटून त्यांचं नाव घेतलं, हात मागे केला आणि सवयीनं म्हणाले, "मिलिंदा, पाणी दे."

माझा हात थांबला. अण्णांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि मग त्यांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, "अण्णा, सवयीनं आलं तोंडात. त्याला काही अर्थ नाही." त्यांनी ऐकलंच नाही. पाणी घालून झाल्यावर त्या घागरीपुढे हात जोडून कितीतरी वेळ पुटपुटत होते. "पोरगं तहानलं आहे, बघ. तुझं पाणी यंदा राहू दे..." एवढंच मला ऐकू आलं.

दुपारी अण्णा माझ्यासमोर आरामखुर्चीत डोळा लागून पडले होते. वॉकरशिवाय ते उठू शकत नसत आणि वॉकर माझ्या बाजूला होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. मिलिंद. मेसेज नाही, कॉल. आवाज थकलेला होता, पण त्याचाच होता.

"वैशाली, पाणी मिळालं गं. घरचं."

"कुणी दिलं?"

"तूच पाठवलंस ना? वाळ्याचं होतं. एकदम थंड... पोटभर प्यायलो." आणि फोन कट झाला.

ऑक्सिजन कमी झाला की माणूस असं बरळतो, हे मला माहीत होतं. तरी त्याचा आवाज ऐकला या आनंदात मी उठले आणि आत घागरींपाशी गेले, का ते मला अजून सांगता येत नाही. सासूबाईंच्या झाकणीवरचा आंबा जसाच्या तसा होता. झाकणी उचलली. तळाशी वाळ्याची जुडी ओली होती आणि पाणी नव्हतं. खाली फरशी कोरडी ठणठणीत. शेजारची घागर काठोकाठ भरलेली.

चीर असेल म्हणून मी लगेच ती पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत थेंब गळला नाही. पुढे अख्खा उन्हाळा तिच्यात पाणी राहिलं. बाष्पीभवन म्हणणाऱ्यांनी शेजारच्या घागरीचंही उत्तर द्यावं. वॉर्डात पुन्हा फोन केला, तर म्हणाले, "मैडम, बाहर का पानी अंदर आता ही नहीं. और उनका मास्क तो सुबह से उतरा ही नहीं."

अण्णांना मी रिकाम्या घागरीचं सांगायला नको होतं. पण त्यांनी माझा चेहरा बघूनच विचारलं. सांगितल्यावर आधी त्यांच्या डोळ्यांत बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. "तिनं नेलं. लेकराची तहान नाही पाहावली तिला." मग तोंडावर पंचा धरला. "पण ते पाणी त्याच्यासाठी नव्हतं, बाई... मीच नाव घेतलं."

दुसऱ्या दिवशी मिलिंद गेला. तोंड बघायला मिळालं नाही.

अण्णा दिवाळीपर्यंत होते. पाण्याचा पेला हातात दिला की तसाच धरून बसायचे. त्यांना मी शंभरदा समजावलं की तो फुप्फुसांनी गेला, नावानं नाही. मला स्वतःला ते पटतं. फक्त घागर कुठे रिकामी झाली, ते मला सांगता येत नाही. त्याची आई त्याला पाणी पाजायला आली होती की न्यायला, तेही नाही.

आता घागरी मीच भरते. चार असतात. मिलिंदच्या घागरीत वाळा टाकते, नाव घेते आणि दुपारभर समोर बसून राहते. कुणाची चेष्टा करावीशी वाटत नाही. ऊन उतरलं की झाकणी उचलते. पाणी काठोकाठ असतं. सासूबाईंचं पाणी हॉस्पिटलच्या बंद दारांतून त्याच्यापर्यंत पोचलं, मग माझं का पोचत नाही, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.