कोनफळाचं डोकं

नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझा खालचा वेल कुठे गेला?" तुमचे बाबा मध्येच म्हणाले, "आजी सोसायटीशी भांडली." भांडले, खरं आहे. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून आजच लिहितेय.

वेल कोनफळाचा. आतून जांभळा असतो ना, तो कंद. मूळचा मुर्धा गावच्या भाजीवाल्या मावशीकडचा. ती भाईंदरच्या बाजारात टोपली घेऊन बसते. पहिल्या वर्षी लावलेल्या वेलाखाली निघालेला अख्खा कंद मी शिस्तीत सोलून शिजवला, काही वाया घालवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात काही उगवलंच नाही. मावशी हसत सुटली. "शिकलेली हाय ना गो तू? डोका पन खाल्ला? डोका परत मातीन लावाचा!" डोकं म्हणजे वेलाला चिकटलेला कंदाचा वरचा भाग. तिनं नवं दिलं. पंप-रूममागच्या दोन हात मातीत ते मी दरवर्षी परत पुरत आले.

यंदा थंडीत पानं वाळली. दरवर्षीच वाळतात. सेक्रेटरी नेमके तेव्हा आले.

"आंटी, ये तो मर गया. इथे पेव्हर ब्लॉक टाकतोय, दोन स्कूटर बसतील."

"मेला नाही. खाली कंद आहे."

"कंद तो मार्केट में मिलता है!"

मीटिंगमध्ये विरोधात माझा एकटीचाच हात वर होता. मागून कुणीतरी म्हणालं, "भाजीसाठी भांडतायत." मी म्हटलं, "हो, भाजीसाठीच."

ब्लॉकवाले आले तेव्हा मी तिथे खुर्ची टाकून बसले होते. कंद निघेपर्यंत उठले नाही. चांगला हातभर निघाला. काप तळून सेक्रेटरींच्या घरीही दिले. त्यांच्या बायकोनं उंधियूसाठी आणखी मागितला. "देते की," म्हटलं, "जागा द्या."

डोक्याचे तीन तुकडे केले, राख चोळली, सिमेंटच्या गोण्यांत लावले आणि तारखेच्या चिठ्ठ्या बांधून खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवले. गेल्या आठवड्यात नोटीस आली: ग्रिलवर वेल चढवू नये, बिल्डिंग वाईट दिसते. नोटीस फाइलला लावली. त्याच दुपारी ग्रिलला सुतळ्या बांधल्या.

तुमचे बाबा म्हणतात, आई, सोड ना. नाही सोडणार.

तीनपैकी एक तुकडा कुजला. दोन जिवंत आहेत.