सुखदेईची ज्वारी

नदीकाठच्या अमृतराव घाटामागच्या गल्लीत विद्युल्लता वाढली. घरात पिढ्यान्‌पिढ्या वेद आणि व्याकरण. तिने मात्र पशुपालन शिकून मिर्झापूरपलीकडच्या कोरड्या डोंगरपट्टीत एका संस्थेची नोकरी धरली. बिघा-दोन बिघे रान आणि चार शेळ्या असलेल्या घरांना ती सांगे, लेंडीखत रानात जाऊ दे, रानातला चारा गोठ्यात येऊ दे. तिचं नाव तिथे कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून बायकांनी तिला ‘बिजली दीदी’ करून टाकलं.

सुखदेईने तिचं सगळ्यांत आधी ऐकलं. नवरा सुरतेला, घरी सासू. शेळ्या डोंगरात सोडणं थांबवून तिने तुरीच्या ओळींमध्ये चाऱ्याची ज्वारी पेरली. ज्वारी छान उगवली आणि श्रावणात पावसाने ओढ दिली. गुडघ्याएवढी ताटं माना टाकून उभी राहिली.

एके सकाळी विद्युल्लता गावात पोचली, तर सुखदेईच्या अंगणात गर्दी. दोन शेळ्या आडव्या पडून पाय झाडत होत्या.

“काय खाल्लं यांनी?”

“तुमचीच ज्वारी, दीदी. वाळून जाण्यापेक्षा कापून घातली.”

पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी म्हणजे जनावराला विष. तिने डॉक्टरला फोन लावला. तो मोटारसायकलवरून येईपर्यंत एक शेळी गेली. दुसरी इंजेक्शनाने तगली.

“डोंगरात चरत होत्या तेव्हा जगत होत्या,” सासू म्हणाली आणि आत निघून गेली.

“फुलोऱ्याआधी घालू नकोस, असं सांगितलं होतं ना मी?” विद्युल्लताने विचारलं.

सुखदेईने उरलेली ताटं शेळीपुढून ओढून घेतली. “सांगितलं असेल. ध्यानात नाही.”

तशी विद्युल्लताच अडखळली. पलीकडच्या टोल्यात, शेजारच्या वस्तीत, सांगितल्याचं तिला पक्कं आठवत होतं. पण इथे?

घरी आल्यावर तिने वडिलांपाशी, नरहरपंतांपाशी, विषय काढला.

“तू सांगितलंच असशील,” ते म्हणाले.

“बाबा, मला तेच तर याद येत नाही.”

“मग नसशील सांगितलं.”

दोन्ही उत्तरांनी तिचं समाधान होईना.

भाद्रपदात पाऊस परतला. पुन्हा त्या गावात जायचं तिच्या जिवावर आलं होतं, तरी गेली. आता हाकलूनच देतील, अशी मनाची तयारी होती. सुखदेई विळा घेऊन बांधावर उभी होती.

“फुलोरा आलाय. आता कापू?”

विद्युल्लताने कणसं हातात घेऊन पाहिली, पानं पाहिली, आणि तरीही तिला धीर होईना. “आज थोडीच घाल,” ती म्हणाली. मग न राहवून विचारलं, “अजून माझं का ऐकतेस गं?”

“मग कुणाचं ऐकू?”

हा भरवसा की लाचारी, ते तिला कळेना. शेळ्यांनी चारा खाल्ला. ती दिवस मावळेपर्यंत गोठ्यापाशी बसून राहिली. काही झालं नाही.

पुढच्या वर्षी सुखदेईच्या टोल्यातल्या बऱ्याच घरांनी ज्वारी पेरली. सुखदेईच्या शेळ्या अंगाने भरल्या, खताने तूरही बरी आली. सासूने मात्र एक शेळी आपली म्हणून वेगळी काढली. तिला ती रोज डोंगरात नेते. ती शेळी किरकोळ अंगाची, पण चपळ, आणि यंदा तिला जुळी झाली. बायका विद्युल्लताला विचारतात, “दीदी, यातलं बरोबर कोणतं?”

ती सासूच्या आणि सुनेच्या शेळ्यांकडे आळीपाळीने बघते आणि म्हणते, “थांबा, अजून एक उन्हाळा जाऊ दे.”